एचआयव्हीचं निदान उशिरा कोणाचं होतं, आणि का?

बोरू

गेले काही महिने एचआयव्हीच्या उशिरा होणाऱ्या निदानावर मिळेल ते वाचतोय आणि जितकं वाचावं तितका अस्वस्थ होतोय. म्हणून हा धागा.

आज वेळेवर निदान होऊन रोजची औषधं सुरू झाली, तर एचआयव्ही असलेला माणूस जवळजवळ इतरांइतकंच जगतो. १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले आणि चित्र पालटलं. तरीही २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ३० हजार लोक एड्सशी निगडित आजारांनी गेले. त्या वर्षी संसर्ग असलेल्या सुमारे ३ कोटी ९९ लाख लोकांपैकी ८६ टक्के लोकांना तो आहे हे ठाऊक होतं. उरलेले पन्नास लाखांहून जास्त लोक काहीच कल्पना नसताना वावरत होते.

उशीर कशाला म्हणायचा, तर सीडी४ पेशींच्या संख्येवरून. या रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, एचआयव्ही त्यांनाच नष्ट करतो. निरोगी माणसात त्या रक्ताच्या घनमिलिमीटरमागे साधारण ५०० ते १५०० असतात. निदानाच्या दिवशी ही संख्या ३५० च्या खाली असेल, किंवा एड्स दर्शवणारा एखादा आजार झालेला असेल, तर ते उशिरा झालेलं निदान, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेलं आहे. २०० च्या खाली गेली की रोग बराच पुढे गेला असं धरतात. युरोपात, जिथे दवाखाने आहेत, औषधं आहेत, तपासणी सहज होते, तिथेही सुमारे निम्मी निदानं उशिराची असतात!

आणि हा उशीर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. पन्नाशीपुढच्यांत तो जास्त. स्त्रियांशीच संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत जास्त. परदेशातून येऊन राहिलेल्यांत जास्त. ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय आफ्रिकी समाजात जास्त. समलिंगी पुरुषांत मात्र, जिथे त्यांना उघडपणे जगता येतं अशा देशांत, तुलनेने कमी.

माझं मत असं झालंय की ज्याच्याकडे बघून डॉक्टरांच्या मनात एचआयव्ही येत नाही, त्याचं निदान उशिरा होतं. तुम्हाला काय वाटतं? अनुभव असतील तर जरूर लिहा. नाव-गाव लिहू नका, फक्त काय घडलं ते लिहा.

सायली_क

वाचतेय. फार गरजेचा विषय.

शंकासुर

आकडे पटले, निष्कर्ष अर्धाच पटला. सगळं डॉक्टरांवर कसं ढकलता? कितीतरी देशांत तपासणी फुकट आहे. स्वतःच्या शरीराची काही जबाबदारी माणसाची स्वतःची आहे की नाही? आपण कसे वागलो हे डॉक्टरांपेक्षा आपल्यालाच जास्त माहीत असतं.

ओवी

शंकासुर, तुमच्या प्रश्नाला माझ्या मावशीची हकीकत सांगते. घरात अजूनही सगळ्यांना माहीत नाही, इथे लिहितेय.

मावशी साठीच्या पुढची. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. आधी तिला पाठीवर नागीण झाली. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम-गोळ्या दिल्या, ती बरी झाली. मग वजन उतरायला लागलं. वयामुळे असेल म्हणाले. मग तोंडात पांढरे चट्टे आले, गिळताना दुखायला लागलं. कवळीमुळे बुरशी झाली असं निदान झालं. मग जुलाब सुरू झाले, ते थांबेचनात. पोटाची दुर्बिणीतून तपासणी झाली, कॅन्सरसाठी स्कॅन झाले, थायरॉइड, मधुमेह, जीवनसत्त्वं, सगळं तपासून झालं. ती प्रत्येक वेळी स्वतः डॉक्टरांकडे गेली. सांगितलेली प्रत्येक तपासणी तिने केली. एचआयव्हीची कोणी सांगितलीच नाही.

शेवटी धाप लागून रुग्णालयात भरती करावं लागलं तेव्हा रात्रपाळीच्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सगळे जुने कागद एकत्र लावून वाचले आणि सकाळी विचारलं, "यांची एचआयव्ही तपासणी झालीय का?" आमच्या घरच्यांना राग आला. मावशीला आला नाही. ती म्हणाली, कर बाई. सीडी४ पन्नासच्याही खाली होत्या.

नंतर कळलं की काकांना शेवटच्या वर्षात टीबी झाला होता आणि त्यांची तपासणी तेव्हा पॉझिटिव्ह आली होती. ते त्यांनी तिला सांगितलं नाही, दवाखान्यानेही तिला बोलावून तपासणी सुचवली नाही. मग सांगा, यात मावशीने कुठली जबाबदारी टाळली?

पाणकळा

ओवी, मावशींना माझा नमस्कार सांगा. "कर बाई" वाचून डोळे भरून आले. आता कशा आहेत?

परिचारिका

ओवीताईंनी जी यादी सांगितली ती जवळजवळ पाठ्यपुस्तकातली आहे, म्हणूनच जास्त लागते. मी संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काही आजार असे आहेत की ते दिसले की रुग्ण कोण, वय काय, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही न बघता एचआयव्ही तपासावा. टीबी यात सगळ्यात वर, कारण एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचं जगातलं सर्वांत मोठं कारण आजही टीबीच आहे. त्याखेरीज नागीण, कारण न कळणारं वजन घटणं, लांबलेले जुलाब, लांबलेला ताप, तोंडातली बुरशी, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, चेहऱ्यावर आणि डोक्यात हटत नाही असा खवल्यांचा त्वचारोग, कारणाशिवाय कमी झालेले प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी, हेपॅटायटिस बी किंवा सी, कुठलाही लैंगिक संसर्ग, गर्भाशयमुखाच्या तपासणीत सापडलेले पूर्वकर्करोगी बदल. युरोपात यावर मोठं काम झालं. एखादा आजार असलेल्या हजार लोकांमागे एकाला जरी एचआयव्ही सापडत असेल, तर त्या आजारात सरसकट तपासणं खर्चाच्या हिशेबानेही परवडतं, असं तिथे धरलं जातं. वरचे आजार त्यात बसतात.

अडचण अशी की यातला प्रत्येक आजार वेगळ्या दारातून आत येतो. नागीण त्वचेच्या डॉक्टरांकडे, जुलाब पोटाच्या, प्लेटलेट रक्ताच्या, चट्टे दाताच्या. प्रत्येकजण आपापला तुकडा नीट बरा करतो. एकत्र वाचणारं कोणी नसतं. त्या शिकाऊ डॉक्टर मुलीने तेच केलं आणि त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागलं नाही.

आणि हो, म्हाताऱ्या बाईला हे विचारायचा डॉक्टरांना संकोच वाटतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिशीतल्या अविवाहित पुरुषाला सहज विचारतात, साठीतल्या विधवेला विचारायचं धाडस होत नाही. त्या संकोचाची शिक्षा तिला होते.

मधलीवाट

+१ परिचारिका. हे छापून प्रत्येक ओपीडीत लावायला हवं.

शंकासुर

ओवी, तुमच्या मावशींच्या बाबतीत माझं म्हणणं लागू नाही, पूर्ण मान्य. त्यांच्याशी फार वाईट झालं.

पण पुरुषांचं काय? बोरूंनीच लिहिलंय की स्त्रियांशी संबंध ठेवणारे पुरुष उशिरा सापडतात. ते तर मावशींसारखे डॉक्टरांकडे हेलपाटे घालत नाहीत. ते जातच नाहीत.

मधलीवाट

जात नाहीत हे खरं, पण का जात नाहीत तेही बघू या.

आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातलं उदाहरण घ्या. तिथे संसर्ग बायकांमध्ये जास्त, पण निदान उशिरा होण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये जास्त. कारण बाई गरोदर राहिली की तपासणी आपोआप होते. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून ती व्यवस्था उभी राहिली आणि त्यात आईचंही निदान लवकर व्हायला लागलं. पुरुषाच्या आयुष्यात असा एकही टप्पा नाही जिथे आरोग्यव्यवस्था त्याला स्वतःहून भेटते. दवाखाना त्याच्या कामाच्या वेळातच उघडा असतो, तिथली रांग बायका-मुलांची असते आणि तो धडधाकट असतो. तो कशाला जाईल?

मग केनिया, मलावीसारख्या ठिकाणी एक साधी गोष्ट करून पाहिली. गरोदर बायकांच्या हाती घरी करायच्या तपासणीचे किट दिले, नवऱ्यासाठी. नवऱ्याला दवाखान्यात बोलावण्याची चिठ्ठी देण्यापेक्षा किट दिल्यावर कितीतरी जास्त पुरुषांनी तपासणी केली. पुरुष तेच होते, फक्त तपासणी त्यांच्यापर्यंत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून स्वचाचणीची शिफारस केलेली आहे.

आणि याचीच दुसरी बाजू ओवीच्या मावशी. बाळंतपणाचं वय उलटलं की बाईसाठीही तो टप्पा संपतो. त्यानंतर तिला कोणी विचारत नाही.

चांदणचुरा

वातावरण जरा हलकं करते. माझ्या आजोबांना न्यूमोनिया झाला होता, वय सत्तरीपुढे. डॉक्टरांनी सगळ्यांना विचारतात तसं त्यांनाही एचआयव्ही तपासणीचं विचारलं. आजोबा एकदम खुश. म्हणाले, "करा करा, अजून माझ्यावर संशय घेणारं कोणीतरी आहे म्हणायचं!" आजी बाजूलाच होती. ती म्हणाली, "माझीही करा मग." दोघांचीही झाली, दोघंही निगेटिव्ह.

त्यातून एक कळलं. "आम्ही सगळ्यांना विचारतो" हे वाक्य आधी आलं की कोणालाच अपमान वाटत नाही.

पाणकळा

आजी भारी आहेत!

अंतरा_नाही

मी समलिंगी आहे. हा आयडी याच धाग्यासाठी काढला.

बोरूंनी लिहिलंय की आमच्यात निदान तुलनेने लवकर होतं. खरंय, पण ते आपोआप झालेलं नाही, हे नोंदवावंसं वाटतं. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची पहिली नोंद छापली गेली, ते पाचही समलिंगी होते. विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला, रक्ताची चाचणी १९८५ मध्ये आली. तेव्हा अमेरिकेतल्या आमच्यासारख्या अनेकांनी चाचणी करूच नका असं सांगितलं होतं. औषध नव्हतं, आणि नावांच्या याद्या झाल्या तर नोकरी, घर, विमा जाईल ही भीती होती. ती भीती अजिबात अनाठायी नव्हती. औषधं आली तसं मत बदललं आणि मग समाजातल्याच लोकांनी तपासणी केंद्रं काढली, रात्री उशिरापर्यंत चालवली, मित्रांनी मित्रांना नेलं. पहिल्या नोंदीपासून मोजलं तर चाळीस वर्षांचं काम आहे ते.

आणि जिथे कायद्याने आम्ही गुन्हेगार ठरतो तिथे हे काहीच लागू नाही. तिथला पुरुष तपासणीला गेला तर समुपदेशकापुढे खरं बोलू शकत नाही. लग्न झालेलं असतं, फॉर्मवर धोका नाही असं लिहिलं जातं. मग आकड्यांत तो 'स्त्रियांशी संबंध ठेवणारा पुरुष' म्हणूनच मोजला जातो. बोरूंच्या यादीतल्या त्या गटात आमचेही काही लोक लपलेले असणार.

माझा एक जिवलग मित्र असाच गेला. डोक्यात बुरशीचा संसर्ग झाला होता. घरच्यांनी मेंदूज्वर म्हणून सांगितलं. डोकं दुखतंय म्हणून तो कितीतरी आठवडे गोळ्या खात होता.

सायली_क

अंतरा_नाही, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मित्राबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

बोरू

अंतरा_नाही, हा मुद्दा माझ्या लिखाणातून सुटला होता आणि तो फार मोठा आहे. तुमच्या लिहिण्यावरून स्थलांतरितांचं आठवलं. बाहेरून आलेल्या माणसात निदान उशिरा झालं की लोक सरळ म्हणतात, संसर्ग तिकडूनच आणला असणार. युरोपातल्या अभ्यासांत दिसलंय की बऱ्याच जणांना तो नव्या देशात आल्यानंतर झालेला असतो. म्हणजे त्या देशाच्या दवाखान्यांना संधी होती. पण कागदपत्रं अपुरी असली की माणूस दवाखान्याच्या पायरीलाही घाबरतो. नाव लिहून घेतील, ते कुठे जाईल, परत पाठवतील का. भाषा येत नाही, दुभाषी म्हणून ओळखीचाच माणूस समोर, त्याच्यासमोर काय बोलणार?

खडूफळा

एक बाळबोध प्रश्न विचारतो, रागावू नका. गोळ्या आहेतच, तर दोन-चार वर्षं उशीर झाल्याने नेमकं काय बिघडतं? सापडलं की घ्यायच्या.

लॅबवाला

प्रश्न बाळबोध नाही, २०१५ पर्यंत मोठमोठे डॉक्टरही यावर वाद घालत होते.

त्या वर्षी स्टार्ट नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. ३५ देशांतले ४६८५ लोक, सगळ्यांच्या सीडी४ ५०० च्या वर. अर्ध्यांना लगेच औषध, उरलेल्यांना सीडी४ ३५० पर्यंत उतरल्यावर. लगेच औषध मिळालेल्यांत गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे अगदी ठणठणीत वाटणाऱ्या माणसालाही थांबण्याची किंमत मोजावी लागते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने निदान झालं की सीडी४ न बघता औषध सुरू करा असं सांगितलं.

दुसरं म्हणजे जोडीदार. २०११ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा १७६३ जोडप्यांत, लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर लैंगिक संबंधातून संसर्ग होतच नाही. निदान उशिरा झालं तर ती सगळी वर्षं जोडीदारही धोक्यात.

आता बोरूंच्या व्याख्येबद्दल एक दुरुस्ती. संसर्ग झाल्या झाल्या, पहिल्या काही आठवड्यांत, सीडी४ तात्पुरत्या धाडकन खाली येतात आणि मग पुन्हा चढतात. नेमक्या त्या आठवड्यांत कोणाची तपासणी झाली तर तो माणूस फार लवकर सापडलेला असूनही कागदावर 'उशिरा' ठरतो. नियमित तपासणी करणाऱ्या गटांत ही गफलत जास्त होते. त्यामुळे व्याख्या नंतर सुधारली, अगदी ताजा संसर्ग असल्याचा पुरावा असेल तर तो उशिराच्या निदानात धरत नाहीत. उलट बाजूने, वय जास्त असेल तर सीडी४ घसरण्याचा वेगही जास्त असतो. म्हणजे पन्नाशीपुढच्यांना दुहेरी फटका, विचारलंही जात नाही आणि हातात वेळही कमी.

परिचारिका

मुलांचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून लिहिते. मला या सगळ्यात तो जास्त छळतो.

बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे मोठ्यांची नेहमीची चाचणी बाळात पॉझिटिव्ह आली तरी बाळाला संसर्ग आहेच असं नाही. विषाणूच शोधणारी वेगळी चाचणी चार ते सहा आठवड्यांच्या वयात करावी लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासाचा निकाल २००८ मध्ये आला. संसर्ग झालेल्या बाळांना पहिल्या तीन महिन्यांच्या आतच औषध दिलं तर मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होतात असं त्यात दिसलं. म्हणजे बाळात वेळ किती थोडा असतो बघा. मोठ्यांत वर्षं असतात, इथे आठवडे. म्हणूनच पाच वर्षांखालचं एचआयव्ही असलेलं मूल उपचार सुरू होण्याआधी सापडलं तर त्याचा रोग पुढे गेलेलाच धरावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि तरी २०२३ मध्ये मोठ्यांपैकी ७७ टक्के लोक औषधांवर होते, मुलांपैकी फक्त ५७ टक्के. जे स्वतः बोलू शकत नाहीत त्यांचा नंबर शेवटी.

शंकासुर

परिचारिकाताई, ही तफावत माहीत नव्हती.

मग मला सरळ विचारायचंय. एवढं सगळं कळतंय तर तपासणी सक्तीची का करत नाहीत? दवाखान्यात पाऊल ठेवलं की झाली पाहिजे. लग्नाआधी झाली पाहिजे. विषय संपला.

ओवी

शंकासुर, माझ्या मावशीच्या बाबतीत इतकं घडूनही मी सक्तीच्या विरोधात आहे. मावशीने "कर बाई" म्हटलं, ते तिचं तिने म्हटलं. नंतर ती औषधं नेमाने घेऊ शकली याला तेही कारण आहे असं मला वाटतं. न विचारता केली असती तर तिला फसवल्यासारखं वाटलं असतं.

मधलीवाट

लग्नाआधीची सक्ती करून झालेली आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये केली. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ७० हजार लोक तपासले, पॉझिटिव्ह निघाले ८. लोकांनी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्नं लावली. १९८९ मध्ये कायदा मागे घेतला. ज्यांना गरज होती ते त्या जाळ्यात आलेच नाहीत.

सक्ती आणि सरसकट विचारणं यात फार अंतर आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००६ मध्ये सुचवलं की १३ ते ६४ वयाच्या सगळ्यांची नेहमीच्या उपचारांत तपासणी व्हावी, आधी सांगून, आणि नको असेल तर नाही म्हणायची मोकळीक ठेवून. इंग्लंडने २०२२ पासून लंडन, ब्रायटन, मँचेस्टर, ब्लॅकपूल अशा जास्त संसर्गाच्या भागांतल्या तातडीच्या विभागांत हेच सुरू केलं. कुठल्याही कारणाने रक्त काढायचंच असेल तर त्यातच एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी, सी तपासतात. नको असेल तर सांगा. यात नवे रुग्ण तर सापडलेच, शिवाय पूर्वी निदान होऊन उपचार सोडून गेलेले लोकही पुन्हा सापडले.

अंतरा_नाही

मधलीवाटशी सहमत, पण गुप्ततेची हमी हवी. नाव फुटेल या भीतीचं काही केलं नाही तर सरसकट विचारूनही लोक 'नको' म्हणतील, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गमवायचंय तेच आधी म्हणतील.

शंकासुर

इलिनॉयचं वाचून सक्तीबद्दलचं मत बदललं. सरसकट विचारावं, हे मान्य.

लॅबवाला

निदान उशिरा झालंच तर पुढे काय, याबद्दलही लिहायला हवं. कारण तिथेही तीच विषमता आहे.

सीडी४ २०० च्या खाली असलेल्या माणसाला नुसत्या एचआयव्हीच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं धोक्याचं. आधीपासून शरीरात काय दडलंय ते शोधावं लागतं. टीबीसाठी लघवीची एक झटपट चाचणी आहे. मेंदूत जाणाऱ्या बुरशीसाठी रक्ताची चाचणी आहे. अंतरा_नाही यांच्या मित्राला बहुधा तीच बुरशी झाली असावी. ती लक्षणं दिसण्याआधी रक्तात सापडते आणि तेव्हा उपचार सोपे असतात. मेंदूत पोचली असेल तर एचआयव्हीची औषधं सुरू करणं चार ते सहा आठवडे लांबवून आधी तिचा उपचार करतात, कारण प्रतिकारशक्ती एकदम परत आली की डोक्यातली सूज वाढून माणूस दगावू शकतो. युगांडा, झिम्बाब्वे, मलावी आणि केनिया इथे सीडी४ १०० च्या खाली असलेल्यांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीलाच प्रतिबंधक औषधांचा मोठा संच दिला, तर २४ आठवड्यांतले मृत्यू १२.२ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आले. कुठलंही नवं औषध नव्हतं, जुनीच एकत्र आणि वेळेवर दिली.

यासाठी सीडी४ मोजावे लागतात. 'सगळ्यांना लगेच औषध' हे धोरण आल्यावर अनेक देशांत सीडी४ मोजणंच मागे पडलं, कारण औषध सुरू करायला त्याची गरज उरली नाही. लोकांना वाटलं यंत्रं आता कशाला. मग उशिरा आलेला माणूस उशिरा आलाय हेच कळेनासं झालं. त्यात २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि तिच्यावर चालणाऱ्या तपासण्यांना खीळ बसली. निदानासाठी पैसे नसले की रुग्ण कमी दिसतात. ते घटले म्हणून कमी दिसत नाहीत, मोजणारं कोणी नसतं म्हणून.

ओवी

पाणकळा, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. मावशी बरी आहे. सीडी४ फार हळू चढल्या, उशिरा सुरू केलं की तसंच होतं म्हणाले, पण रक्तातला विषाणू काही महिन्यांतच मोजता येईनासा झाला. वजन परत आलंय. हल्ली माझ्यावर ओरडण्याइतकी ताकद आहे आणि ती रोज वापरते.

नवीन_सदस्य_मीरा

दोन दिवस नुसती वाचत होते. माझं वय ५३. मला मागे नागीण होऊन गेली, आणि हल्ली तोंडात तसेच पांढरे चट्टे येतात. दुसरं काहीच नसेल कदाचित. पण डॉक्टरांना कसं सांगायचं? ते माझ्या घरच्यांना ओळखतात. आणि घरी करायचं किट पुरेल का?

परिचारिका

मीराताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. तोंडातले चट्टे मधुमेह, श्वासाचे फवारे, अँटिबायोटिक यांनीही येतात, तेव्हा आधीच धसका घेऊ नका. पण तपासणी करा.

कारण सांगायची गरज नाही. "मला इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही करायची आहे" एवढंच म्हणा. ओळखीच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं असंही नाही, जिथे कोणी ओळखत नाही तिथे जा. "का?" असं विचारलं तर नागीण झाली होती हे उत्तर पुरेसं आहे, वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य कारण आहे ते. निकाल काहीही आला तरी तो तुमचा आहे, घरच्यांना सांगायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं.

लॅबवाला

किटबद्दल मी सांगतो. घरच्या किटवर पॉझिटिव्ह आलं तर ते अंतिम धरायचं नाही, प्रयोगशाळेत वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. निगेटिव्ह आलं तर शेवटच्या संभाव्य संसर्गाला तीन महिने उलटले आहेत का ते बघायचं. प्रयोगशाळेतली प्रतिजन (विषाणूचाच अंश) आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते, किट नुसती प्रतिपिंडं शोधतं म्हणून त्याला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुम्हाला लक्षणं आहेत, त्यामुळे किटपेक्षा सरळ रक्त देऊन या. आणि त्याच वेळी साखरही तपासून घ्या.